उलाळ

बैलगाडीत ओझं भरताना गाडीवान एका गोष्टीला फार जपत असे. पोती मागच्या अंगाला जास्त झाली की जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जाई आणि गाडी मागे बसू पाही. अशा गाडीसाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, ‘उलाळ’. सपाटीवर बरी वाटणारी गाडी चढाला लागली की उलाळ होई. मग गाडीवान पुढे सरकून धुरेवर बसे आणि आपल्या वजनाने जू खाली दाबून धरी. घोड्याची गोष्ट निराळी. तो स्वतःच्या ताकदीने पुढचे पाय उचलतो, त्याला ‘घोडा झाड झाला’ म्हणत. मोटारसायकलचं पुढचं चाक उचलून नुसत्या मागच्या चाकावर ती चालवणं, म्हणजे व्हीली, या दोन्हींच्या मधली गोष्ट आहे. ताकद घोड्यासारखी आतून येते, पण नियम बैलगाडीचाच चालतो.

हे समजून घ्यायला अलोऱ्याला येऊ. चिपळूणहून कराडकडे निघालेला रस्ता कुंभार्ली घाटाला भिडण्याआधी ज्या टापूतून जातो, तिथे अलोरे, शिरगाव, पोफळी ही गावं आहेत. कोयना प्रकल्पाने या टापूचं रूप बदललं. पोफळीला पहिल्या दोन टप्प्यांचं भूमिगत वीजगृह आहे. त्यातून बाहेर पडलेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून तिसऱ्या टप्प्यात 80 मेगावॉटच्या चार संचांवर पुन्हा वीज काढतात आणि मग ते वाशिष्ठीला मिळतं. या कामांसाठी अलोऱ्यात मोठी वसाहत उभी राहिली. कामं सरत गेली तशी बिऱ्हाडं बदलीच्या गावी गेली. कित्येक क्वार्टर ओस पडली, आखीव रस्ते मात्र राहिले. हप्त्यावर नवी आर15 किंवा ड्यूक मोटारसायकल घेतलेल्या मुलाला अशा मोकळ्या, सरळ रस्त्यावर काय सुचत असेल ते ओळखायला फार डोकं चालवावं लागत नाही. त्याची ओढ मला खोटी वाटत नाही. तोल सांभाळण्याची हौस माणसाला चालायला शिकतो त्या वयापासून असते. पण व्हीलीमागचं यंत्रशास्त्र त्या मुलाला कुणी सांगत नाही. मोबाइलवर दिसतो तो शेवटचा पाच सेकंदांचा तुकडा.

मागचा टायर जिथे रस्त्याला टेकतो, ती जागा म्हणजे या गाडीची बिजागरी. गाडी आणि स्वार यांचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानता येतं, तो गुरुत्वमध्य या बिजागरीच्या पुढे असतो, म्हणून पुढचं चाक जमिनीवर राहतं. आता एसटी झटक्याने सुटली की उभ्या प्रवाशाचं काय होतं ते आठवा. पाय बसबरोबर पुढे जातात, धड मागे राहतं, माणूस मागे कोलमडतो. मोटारसायकललाही पुढे ढकलणारा जोर खाली, टायरपाशी मिळतो. वजन वर असतं, ते मागे राहू बघतं. वेग जितका झपाट्याने वाढेल तितकं नाक वर यायला बघेल. वजन नाक खाली दाबतं, वेगाची वाढ नाक वर उचलते. पहिल्यावर दुसरीने मात केली की चाक सुटतं.

किती वेगवाढ लागते? रस्त्यावरच्या साध्या स्पोर्ट्स बाइकची दोन चाकं साधारण 1.35 मीटर अंतरावर असतात. स्वार बसल्यावर गुरुत्वमध्य मागच्या चाकाच्या टेकणीपासून सुमारे 65 सेंटीमीटर पुढे आणि जमिनीपासून जवळपास तेवढाच उंच धरू. ही दोन अंतरं सारखी असली की हिशोब सोपा होतो. गुरुत्वाकर्षण वस्तूला जितक्या झपाट्याने खाली ओढतं, तितक्याच झपाट्याने गाडीने पुढे झेपावलं पाहिजे. म्हणजे थांबलेली गाडी तीन सेकंदांच्या आत ताशी 100 किलोमीटरवर जाईल एवढी झेप. हजार सीसीच्या, दोनशे अश्वशक्तीच्या गाड्यासुद्धा हा वेग तीन सेकंदांच्या आसपासच का गाठतात, त्याचं उत्तर इथेच आहे. त्यांच्याकडे ताकद उरलेली असते, पण ती वापरली की पुढचं चाक उठतं. त्यांची मर्यादा इंजिन ठरवत नाही, उलाळ ठरवते.

दीडशे किलोची गाडी आणि 65 किलोचा स्वार धरला तर ही झेप घ्यायला ताशी 20 किलोमीटर वेगात सुमारे 16 अश्वशक्ती लागतात, 40 ला 32 आणि 60 ला 48. वाऱ्याचा अडथळा यात धरलेला नाही. आता आपल्या गाड्या पाहा. पल्सर 150 ची ताकद 14 च्या आसपास, आर15 ची 18 च्या, ड्यूक 390 ची 43 च्या. शिवाय ही ताकद इंजिन भरपूर फिरत असतानाच मिळते. ताशी 20 किलोमीटर वेगात पहिल्या गिअरला इंजिन तिथवर पोचलेलं नसतं. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये नुसत्या रेसवर चाक उचलणं ड्यूकला जमू शकतं, पल्सर 150 ला जमत नाही. तरी मुलं पल्सरचं चाक उचलतातच. ते क्लचच्या जोरावर. क्लच दाबून रेस दिली की क्रँक आणि त्यावरची जड चक्रं मोकळी फिरू लागतात आणि त्या फिरण्यात ऊर्जा साठते. क्लच सोडला की ती एका क्षणात मागच्या चाकावर रिती होते. कुऱ्हाडीचा दांडा नुसता दाबून लाकूड फुटत नाही, पण कुऱ्हाड डोक्यावरून फिरवून आणली की फुटतं, तसाच हा प्रकार. पुढचे शॉकअप आधी दाबून त्याच क्षणी मोकळे केले तर त्यांची उसळीही मदतीला येते.

टायरच्या पकडीचाही प्रश्न आहे. पुढचं चाक उचललं की सगळा भार मागच्या टायरवर येतो, आणि वर सांगितलेली झेप घ्यायला त्याला आपल्यावरच्या भाराइतकाच जोर रस्त्यावर लावावा लागतो. कोरड्या, स्वच्छ डांबरावर चांगला टायर हे कसंबसं करू शकतो. ओल्या डांबरावर पकड बरीच कमी होते, आणि तिथे चाक उठण्याऐवजी मागचा टायर जागच्या जागी फिरून आडवा सरकतो. अलोऱ्यासारख्या गावात जूनपासून ऑक्टोबर उजाडेपर्यंत रस्ता ओला असतो, कडेला तांबड्या मातीचा थर आणि सावलीत शेवाळ. पाऊस संपल्यावरही ती माती वाळून बारीक धूळ होऊन रस्त्यावर पसरलेली असते. कोकणातला बेसावध मुलगा बहुधा मागे उलटून नाही, आडवा घसरूनच पडेल.

इथवरचं सगळं चाक उचलण्याबद्दल झालं. खरी मेख पुढे आहे. नाक वर येऊ लागलं की गुरुत्वमध्य त्याच बिजागरीभोवती फिरत मागे सरकतो आणि उंचही होतो. त्यामुळे गाडी खाली दाबणारं वजन दुबळं होत जातं आणि वर उचलणारी झेप जास्त प्रभावी. चाक जमिनीवरून सोडवायला जेवढी वेगवाढ लागली, तिच्या निम्मीसुद्धा वीस अंशांवर लागत नाही. आपण धरलेल्या गाडीत नाक साधारण 45 अंश वर आलं की गुरुत्वमध्य बरोबर टेकणीच्या वर येतो, आणि तिथे वेग वाढवण्याची गरजच उरत नाही. त्याच्या पलीकडे गेलं की गाडी आपल्याच वजनाने मागे पडते. शिकाऊ मुलाची फसगत इथेच होते. चाक उचलायला त्याने मूठ जेवढी पिळली, तेवढीच ती पिळलेली राहते, आणि गाडी हळूहळू वर न येता दर क्षणी अधिक वेगाने वर येते. घाबरून तो मागे सरकतो, हात ताणले जातात, ताणलेल्या हाताने मनगट खाली वळतं आणि रेस आणखी वाढते. सीटवरून मागे घसरणारा माणूस हॅण्डल घट्ट धरणारच, यात त्याचा दोष नाही. शरीराची ही उपजत प्रतिक्रिया मोडायला सराव लागतो.

ही मेख सोडवण्याची किल्ली उजव्या पायाखाली असते. तळहातावर झाडू उभा धरून पाहा. झाडू पुढे कलू लागला की आपण हात पुढे नेतो, मागे कलू लागला की हात मागे घेतो. व्हीलीत हाताच्या जागी मागचं चाक आहे. नाक खाली येऊ लागलं की रेस देऊन चाक वजनाखाली पुढे न्यायचं, नाक फार वर गेलं की मागचा ब्रेक हलका दाबून चाक मागे रोखायचं. चाक रोखलं की वर असलेलं वजन पुढे झुकतं आणि नाक खाली येतं. एसटी ब्रेक लावते तेव्हा प्रवासी पुढे झुकतो, तसंच. नुसती रेस सोडूनही नाक खाली येतं, पण तोल हुकल्यावर, म्हणजे 45 अंशांच्या पलीकडे, इंजिनाचा रोध पुरत नाही. तिथे फक्त ब्रेक वाचवतो. क्लच दाबणं हा दुसरा बचाव. त्याने जोर तुटतो, पण नाक खाली ओढलं जात नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की व्हीली शिकायची तर ती उलट्या बाजूने, खाली उतरवण्यापासून शिकावी. सुरुवात सायकलवर करावी. माउंटन सायकलवर हाच तोल, हाच मागचा ब्रेक, आणि पडणं ताशी सहा-सात किलोमीटर वेगातलं. तिथे मागच्या ब्रेकवरचं बोट आपोआप हलू लागलं की हलक्या मोटारसायकलकडे वळावं. पहिले कित्येक दिवस चाक वीतभरच उचलावं आणि दर वेळी, गरज नसतानाही, पायाने ब्रेक दाबूनच खाली आणावं. उजव्या पायाची पुढची बाजू पेडलवर तरंगती राहिली पाहिजे, सरावाच्या आरंभापासून शेवटपर्यंत. मूठ दाराच्या गोल कडीसारखी जरा बाहेरून धरावी, म्हणजे हात ताणला तरी मनगट वळत नाही. गुडघ्यांनी टाकी आवळून धरावी, म्हणजे अंगाचा भार हातांवर येत नाही. क्लचवर दोन बोटं. चाक उतरताना थोडी रेस चालू आणि हॅण्डल सरळ. हवेत असताना पुढचं चाक मंदावतं, आणि ते तिरकं टेकलं की हॅण्डल डाव्या-उजव्या बाजूला जोरात फडफडतं. त्या फडफडीत पडलेले लोक उलटून पडलेल्यांपेक्षा कमी नसतील.

स्पोर्ट्स बाइकवर हे शिकणं साध्या गाडीपेक्षा अवघड जातं. तिचं हॅण्डल खाली आणि पुढे, पायटे मागे, त्यामुळे स्वाराचं वजन पुढच्या चाकावर झुकलेलं. म्हणजे उचलायला जास्त जोर, आणि तो जोर लागला की नाक एकदम वर. पुढचा फोर्क उभट असतो, म्हणून वळणावर ती चपळ, पण चाक तिरकं टेकलं तर क्षमा न करणारी. स्टंटचं काम करणारे म्हणूनच कंपनीतून आलेली गाडी तशीच वापरत नाहीत. ते खालचं हॅण्डल काढून सरळ उंच दांडा लावतात, मागचं स्प्रॉकेट मोठं घालतात, मागच्या ब्रेकसाठी हॅण्डलवर आणखी एक लिव्हर बसवतात आणि मागे लोखंडी दांडा जोडतात, म्हणजे गाडी उभी झाली तर तो जमिनीला घासतो आणि गाडी पाठीवर पडत नाही. इंजिनाभोवती पिंजरा असतो. मोबाइलवर पाहणाऱ्याच्या नजरेत हे भरत नाही, आणि घरची गाडी तशीच उचलली जाते.

ज्यांचा धंदाच वेग आहे त्यांना मात्र व्हीली नकोशी असते. पुढचं चाक हवेत असताना गाडी वळत नाही, आणि ते खाली आणायला रेस कमी केली की सेकंदाचे अंश वाया जातात. मोटोजीपी शर्यतींत डुकाटीने 2015 साली गाडीच्या तोंडाला छोटे पंख लावले ते वाऱ्याच्या दाबाने पुढचं चाक खाली ठेवायला. नंतर शर्यत सुटण्याच्या क्षणी गाडीची उंचीच कमी करणारी यंत्रणा आली. गुरुत्वमध्य खाली आला की उलाळ उशिरा होते, हा गाडीवानाला ठाऊक असलेला नियमच तो. रस्त्यावरच्या महागड्या गाड्यांत आता गाडीचा कल सतत मोजणारा संवेदक असतो. नाक ठरलेल्या मापापेक्षा झपाट्याने वर आलं की संगणक इंजिनाचा जोर क्षणभर कमी करतो.

लांब व्हीलीचे विक्रम पाहिले तर तिथे वेग मागेच पडतो. जपानच्या यासुयुकी कुडो यांनी 5 मे 1991 रोजी न थांबता 331 किलोमीटर एका चाकावर कापले, तेही होंडाच्या 216 सीसीच्या हलक्या ट्रायल मोटारसायकलवर. त्याआधी 1984 मध्ये अमेरिकेच्या डग डोमोकॉस यांनी टॅलाडेगाच्या ट्रॅकवर 145 मैल केले होते. इतका वेळ मूठ आणि पाय यांचं बोलणं चालू ठेवणं, मला यात शर्यतीपेक्षा मोठं काही दिसतं.

आपल्याकडे ही हौस वाढली त्याला महाराष्ट्रातले कारखाने थोडेफार कारण आहेत. बजाजची पल्सर 2001 मध्ये आली आणि ‘ताकदवान मोटारसायकल’ ही कल्पना गावोगावी पोचली. 2009 मध्ये एमटीव्हीवर पल्सरच्या नावाने स्टंटची स्पर्धाच झाली. चाकणला बनलेली केटीएमची ड्यूक 200 बाजारात आली 2012 मध्ये. तिने कमी वजनात जास्त जोर दिला आणि पहिल्या गिअरमध्ये चाक उचलणं सोपं केलं. केटीएमचे स्टंट शो आपल्या शहरांतून झाले, गोव्यात वागातोरला 2013 पासून इंडिया बाइक वीक भरू लागला. बघायला जागा मिळाली. शिकायला जागा मात्र मिळाली नाही. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, पण अलोऱ्याच्या मुलाला तो घाट ओलांडून पलीकडे. कोकणातला सडा कातळाचा, पडलात तर सोलून काढणारा. भातकापणीनंतरच्या मळ्यांत बांध आडवे. हे मी तक्रार म्हणून लिहितो. क्रिकेटसाठी मैदान मागता येतं, कुस्तीसाठी आखाडा मागता येतो. बंदिस्त आवार, पुठ्ठ्याचे शंकू, प्रथमोपचाराची पेटी आणि जवळ उभा जाणता माणूस, एवढं मागायला लाज वाटू नये.

तोवर रस्ता हा पर्याय नाही, मग वसाहतीतला असला आणि दुपारी त्यावर कुत्रंही नसलं तरी. ज्या जागी लोकांना जाण्याचा हक्क आहे, ती मोटार वाहन कायद्याच्या लेखी सार्वजनिक जागा. कलम 184 प्रमाणे धोकादायक वाहन चालवण्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. चालवणारा अठराच्या आतला असेल तर 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 199अ पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड ठेवतं, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. मार्च 2023 च्या अखेरीस मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात पुढे-मागे मुली बसवून चाक उचलणाऱ्याचा व्हिडिओ पसरला आणि काही दिवसांत तो पोलिसांच्या ताब्यात होता. या टापूला अलोरे-शिरगाव पोलीस ठाणं आहे. पण पोलिसांपेक्षा मला भीती वाटते ती कुंभार्ली उतरून ब्रेकचे लायनर तापलेल्या ट्रकची. पुढचं चाक हवेत असलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही, वळता येत नाही आणि थांबायला आधी खाली यावं लागतं. तेवढा वेळ तो ट्रक देत नाही.

सरावाहून परतल्यावर गाडी तपासायला अर्धा तास ठेवावा. नाक वर असताना इंजिनातलं ऑइल मागे जमतं आणि पंपाची जाळी उघडी पडू शकते, म्हणून ऑइलची पातळी दर वेळी पाहायची. चेन आणि स्प्रॉकेट झटक्यांनी लवकर झिजतात, चेन सैल झाली का ते बोटाने उचलून कळतं. क्लचचा जळका वास येत असेल तर प्लेटा गेल्याच समजा. पुढच्या शॉकअपच्या नळीवर ऑइलची ओलसर रेघ दिसली तर सील फुटलेलं. आणि हॅण्डल ज्यावर फिरतं तो कोनसेट. गाडी मधल्या स्टँडवर किंवा कुणाला तरी मागे दाबायला लावून पुढचं चाक हवेत घ्यावं आणि हॅण्डल एका बोटाने हळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं. बरोबर मधोमध आल्यावर ते क्षणभर खाचेत अडकल्यासारखं थांबलं, तर चाक आदळून आदळून कोनसेटच्या वाट्यांत गोळ्यांचे खड्डे पडलेत. अशा गाडीचं हॅण्डल सरळ रस्त्यावरही मनासारखं चालत नाही. कोनसेट बदलल्याशिवाय तिच्यावर घाट उतरू नये, चाक उचलणं तर दूरच.